बोटीने काय पाठवायचं आणि काय नाही

सोमवार

जर्मनीतल्या हॉस्पिटलात मी नर्स म्हणून जातेय, मागून नवरा आणि लेक येणार, तर घरातलं सामान तिकडे न्यायचं का यासाठी मुंबईच्या एजंटचं कोटेशन आलं आज. न्हावाशेवा ते हॅम्बुर्ग बोटीने आणि तिथून ट्रकने स्टुटगार्टच्या बाजूला. दर क्युबिक मीटरवर आहे, म्हणजे सामान किती जड आहे त्यापेक्षा किती जागा खातंय ते बघतात, आणि आपलं सामान काही आख्खा कंटेनर भरेल एवढं नाही त्यामुळे चार जणांच्या सामानाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जाणार. रत्नागिरीहून न्हावाशेव्यापर्यंतचा टेम्पो वेगळा, हॅम्बुर्गला उतरल्यावरचे चार्जेस वेगळे, ते तिकडचा एजंट सांगणार. सगळं धरून लाखाच्या वर जातंय.

नवऱ्याचं म्हणणं, पाठवूया. त्याचा जीव त्या शिसवी टेबलात आहे, आजोबांचं आहे ते, त्यावरच तो शिकला. आणि त्याचा हिशोब असा की तिकडे युरोत एकेक वस्तू घेत बसण्यापेक्षा एकदाच काय ते पाठवावं. मी ऐकून घेतलं. मला लगेच नाही म्हणवेना, कारण माझ्याही मनात पितळी पातेली आणि आईकडून आलेला मोठा डबा होताच की.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगो, गणपतीला मोदकपात्र लागेल हो, ते नको नेऊ." बाकी काहीही न्या म्हणाल्या. पण त्या एका वाक्यापाशी मी अडकून पडलेय संध्याकाळपासून.

मंगळवार, नाईट ड्युटी

वॉर्ड शांत आहे म्हणून लिहितेय. जर्मन कस्टम्सचे नियम परत नीट वाचले. राहायला जाणाऱ्या माणसाचं घरगुती सामान ड्युटी न भरता नेता येतं, पण ते आधी किमान सहा महिने आपल्या वापरातलं हवं, आपण युरोपच्या बाहेर सलग बारा महिने राहत असायला हवं, आणि तिकडे राहायला गेल्यापासून बारा महिन्यांच्या आत सामान पोचायला हवं. आणल्यावर परत बारा महिने ते विकायचं नाही, भाड्याने किंवा कोणाला द्यायचंही नाही.

म्हणजे दोन गोष्टी झाल्या. एक, मावशी आणि नणंद मिळून जो नवा डिनर सेट आणि कुकरचा सेट घेऊन देणारेत तो बोटीने पाठवला तर त्या सवलतीत बसत नाही. त्यांना उद्याच फोन करून सांगायला हवं, नाहीतर दुकानातून आणून मोकळ्या होतील. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, की घाई नाहीये. बारा महिने आहेत. मी गणपती करून निघतेय आणि पहिले काही महिने हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधल्या एका खोलीत राहणार, फर्निचरसकट, सामायिक किचन. तिथे बोटीने आलेलं सामान ठेवायचं कुठे? पलंगाखाली? नवरा आणि लेक माझ्या मागून येणार, व्हिसा होईल तेव्हा, मग घर बघायचं. सामान आत्ता पाठवलं तर ते घराच्या आधी पोचेल आणि गोडाऊनचं भाडं चालू होईल.

आणि ते वेळेवर पोचेल असंही नाही. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कितीतरी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून जायला लागली, त्याने दहा-पंधरा दिवस वाढले. बरं आपलं सामान निघणार पावसाळ्यात. कोकणातल्या माणसाला बुरशी काय असते ते सांगायला नको, इथे श्रावणात कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर पण पांढरं येतं, त्या हवेत भरलेली खोकी बंद कंटेनरमध्ये दीड-दोन महिने म्हणजे गाद्या उशा कपडे सगळं कुबट होऊन उतरणार. आत दमट हवा कोंडली की थंड समुद्रात कंटेनरच्या छताला पाणी सुटतं आणि ते खाली सामानावर ठिबकतं. ते टेबल शिसवी असलं तरी लाकूडच आहे शेवटी.

टेबलासाठी लाकडी क्रेट लागेल, आणि क्रेटचं लाकूड उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं आणि तसा शिक्का मारलेलं हवं, साध्या आंब्याच्या फळ्या ठोकून चालत नाही. हे एजंटने सांगितलं नव्हतं, मी वाचलं. उद्या विचारते.

बुधवार

आज एक काम केलं, खूप बरं वाटलं करून. जर्मनीत घरांमध्ये बहुतेक काचेच्या सपाट शेगड्या असतात, विजेवरच्या, त्यातल्या काही इंडक्शन. आणि इंडक्शनवर जे भांडं लोहचुंबकाला चिकटतं तेच तापतं. तर लेकीचं फ्रिजवरचं माशाच्या आकाराचं मॅग्नेट घेतलं आणि दोघी स्वयंपाकघरात फिरलो. पितळी पातेली, नाही. अॅल्युमिनियमचा टोप, नाही. माझा नेहमीचा कुकर, नाही. मोदकपात्र, नाही. स्टीलचे डबे आणि पातेली, मला वाटलं होतं स्टील आहे म्हणजे चालेल, पण आमच्याकडचं निम्म्याहून जास्त स्टील चिकटलंच नाही, आणि जे चिकटलं त्यातल्या दोन पातेल्यांचे बुड वाकलेले. लेक प्रत्येक वेळी मोठ्याने "नापास" म्हणत होती. शेवटी बिडाचा तवा. मॅग्नेट असा खट्कन बसला की तिला दोन हातांनी ओढून काढावा लागला.

हा तवा घावण्यांचा आहे. माझ्या आईने लग्नात दिला तेव्हा तिचाच पंधरा-वीस वर्षं वापरलेला होता, म्हणून तर दिला. नव्या बिडाच्या तव्यावर घावणं सुटत नाही, कांदा अर्धा कापून तेलात बुडवून घासत घासत, किती घावण्यांनी तो तयार होतो, मधोमध काळा तुकतुकीत, आणि कडेला थोडा खडबडीत राहिलेला. पीठ टाकलं की जाळी पडते ती त्या तव्यामुळे. बिडाची कढई आणि तवा जर्मनीतही मिळतो, चांगला मिळतो, पण तो कोरा. काचेच्या शेगडीवर ओढायचा नाही, उचलून ठेवायचा, नाहीतर काचेला चरे पडतात, एवढं लक्षात ठेवायचं. जड आहे, जाऊदे, तवा येतोय माझ्याबरोबर, हे ठरलं. ह्या एका वस्तूबद्दल मला कोणाशी चर्चा करायची नाहीये.

मिक्सरचंही सोपं आहे. तिकडे वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे इथला मिक्सर चालतो, फक्त पिनला अडॅप्टर लागतो. अमेरिकेला गेलेल्या चुलत जावेला मिक्सर इथेच ठेवून जावं लागलं होतं, तिकडे १२० व्होल्ट. आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण करायला दगडासारखं वाटणारा मिक्सर तिकडच्या दुकानात शोधत बसायचा माझ्यात धीर नाही. मिक्सर येतोय. कुकर नाही, तिकडे जाऊन इंडक्शनचा घेईन.

गुरुवार

गोधडीचा हिशोब. सासूबाईंनी त्यांच्या जुन्या नऊवारींची शिवलेली, लेक तिच्याशिवाय झोपत नाही. कुरियरने विचारलं तर त्यांचा हिशोब वजनाचा नाही, आकाराचा. लांबी रुंदी उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं. गोधडी आणि दोन उशा मिळून ६० बाय ४५ बाय ४० चं खोकं, म्हणजे २१ किलो ६०० ग्रॅमचे पैसे, आणि काट्यावर ते खोकं पाच किलोच्या आत. उशा तर न्यायच्याच नाहीत, तिकडच्या उशा ८० बाय ८० च्या चौकोनी, अभ्रे पण त्याच मापाचे, गाद्याही वेगळ्या मापाच्या. विमानाच्या बॅगेत मात्र काट्यावरचंच वजन धरतात, म्हणून गोधडी बॅगेत, मिक्सरच्या भोवती गुंडाळून. दोन्ही सांभाळलं जाईल. मिक्सरच्या भांड्यात मसाल्याच्या पुड्या.

थंडीचे कपडे इथून काहीच नाही. रत्नागिरीत जॅकेट म्हणून जे मिळतं ते माथेरानच्या थंडीचं आहे. बर्फात बसची वाट बघायची तर तिथलंच हवं, आणि वापरलेलं सुद्धा चांगलं मिळतं.

शुक्रवार

खाण्याच्या गोष्टी. आई आणि सासूबाई दोघींनी मिळून यादी केली होती, मी त्यातलं निम्मं खोडलं आणि वाईट वाटलं त्या दोघींना. पण नियम आहे. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचं काही नेता येत नाही, म्हणजे साजूक तूप गेलं, पेढे गेले, खवा गेला. आईच्या हातचं कढवलेलं तूप, मला सांगताना पण कसंतरी झालं. ताजी फळं आणि पाला कीड नसल्याच्या सरकारी सर्टिफिकेटशिवाय नाही, त्यामुळे कढीपत्ता नाही आणि आंबा नाही. २०१४ साली तर त्यांनी फळमाशी सापडली म्हणून आपल्याकडच्या आंब्यावर बंदीच घातली होती, आमच्या आळीतल्या बागायतदारांनी तो सीझन कसा काढला ते मला आठवतंय, २०१५ ला उठली. पण पाच फळं त्या सर्टिफिकेटातून सुटलेली आहेत, अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ! नारळ चालतो. सासूबाईंचा चेहरा खुलला. मी म्हटलं आई, नारळ तिकडे पण मिळतो, खोवलेला फ्रीझरमधला सुद्धा. त्या म्हणाल्या, "मिळेल गो, आपल्या परसातला मिळेल का?" एक नारळ येतोय.

आणि सुकी मासळी चालते, हे वाचून मी दोनदा तपासलं. माणशी वीस किलोपर्यंत, आतलं साफ केलेली. वीस किलो कोण नेतंय, पण सोडे आणि थोडे बोंबील, तिहेरी पॅकिंग करून, मिरकरवाड्याच्या नेहमीच्या मावशींकडून, त्या कडक वाळवून देतात, नाहीतर सामायिक किचनमध्ये पहिल्याच आठवड्यात माझी ओळख वासाने व्हायची ते मला नकोय. सोडे घर मिळाल्यावरच उघडणार. आमसुलं, आगळाची बाटली, कुळथाचं पीठ. आणि तिरफळं. इंडियन दुकानात डाळ तांदूळ पोहे सगळं मिळतं म्हणतात, पण बांगड्याच्या तिखल्यात घालायला तिरफळ तिकडे कोण ठेवणार. मूठभर नेली तरी वर्ष जातं.

शनिवार, उशिरा

टेबलाचं बोललो आज, दोघंच, पडवीत. पाऊस होता.

मी त्याला सांगितलं मला काय वाटतंय ते. आपण मुंबईहून पुण्याला शिफ्ट होत नाही आहोत, की फ्लॅट रिकामा करून किल्ली द्यायची. हे घर चालू राहणार आहे. आई आहेत, गणपती इथेच येणार, शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा घर उघडं हवं. मग आपण बोटीत घालणार ते सामान म्हणजे ह्या घरातून उचललेलं सामान. पातेली नेली तर गणपतीत पंचवीस माणसांची आमटी कशात करायची? टेबल नेलं तर तुझी खोली कोणाची? मी दोन वर्षांनी सुट्टीवर येईन तेव्हा मला पाहुण्यासारखं रिकाम्या खोलीत उतरायचं नाहीये, आणि आईंना तर अजिबात नको, रोज त्या रिकाम्या जागा बघत बसायला. पूर्वी माणसं इथून मुंबईला बोटीने गेली ती ट्रंक आणि वळकटी घेऊन गेली, घर उचलून नाही नेलं कोणी. म्हणून तर आज आपल्याला परत यायला घर आहे.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, मग तिकडचं घर उभं कशातून करायचं? हा प्रश्न बरोबर होता. तिकडे भाड्याचं घर घेतलं तर बऱ्याच ठिकाणी किचनच नसतं, म्हणजे ओटा, सिंक, कपाटं काही नाही, नुसता नळाचा पाईप भिंतीतून बाहेर आलेला, दिव्यांच्या जागी वायरी लोंबणाऱ्या. आधीचा भाडेकरू आपलं किचन घेऊन जातो, किंवा नव्याला विकून जातो. वर डिपॉझिट, मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत. मी म्हटलं, हे बोटीचे लाखभर रुपये तिकडे लागणार आहेत, किचनला. एजंटला दिले तर टेबल पोचेल आणि स्वयंपाक करायला जागा नसेल.

आमची सीनियर सिस्टर तिकडे जाऊन दीड वर्ष झालं, तिने घर असंच लावलं, वापरलेलं किचन आधीच्या बाईकडून घेतलं, वॉशिंग मशीन ऑनलाइन सेकंडहँड, पुस्तकांचं कपाट तर रस्त्यावर फुकट ठेवलेलं, लोक नको असलेल्या वस्तू तशी चिठ्ठी लावून बाहेर ठेवतात. मला ते आवडलं. लेकीचं टेबल असंच कुठूनतरी येईल.

त्याने शेवटी एक मागितलं, टेबलाच्या खणातली आजोबांची पितळी दौत न्यायची. ती त्याने त्याच्या बॅगेत आणावी, मला काहीच म्हणायचं नाही.

रविवार

एजंटला कळवलं, आत्ता नाही. त्याने सांगितलं सहा महिन्यांनी दर बदलतील, म्हटलं बदलू देत, बारा महिन्यांच्या आत काही लागलंच तर फोन करीन. मावशीला डिनर सेटचं सांगितलं, ती रुसली, मग म्हणाली पैसे देते. घेणार आहे मी, किचनच्या खात्यात टाकणार.

बॅगांचं वजन केलं शेजारचा लटकवायचा काटा आणून. तवा, मिक्सर, गोधडी, मसाले, सोडे, नारळ, कपडे, युनिफॉर्मच्या बुटांचा जोड, मूळ सर्टिफिकेटं मात्र हातातल्या बॅगेत. एका बॅगेत दीड किलो जास्त भरतंय. विळी बाहेर काढली, घडीची होती तरी. त्या मापाचं खोवायचं काम तिकडे पहिल्या वर्षी होणार नाही, आणि विळी नवरा आणू शकतो. अजून अर्धा किलो काढायचाय. आई म्हणतेय कुळथाचं पीठ कमी कर, सासूबाई म्हणतायत पीठ राहू दे, पुस्तकं काढ. पुस्तकं लेकीची आहेत, मराठी चित्रांची, ती तिच्याबरोबर तिच्या बॅगेत जातील. पीठ राहील.