बारा अर्धे सहा

फुली मारून झाली होती. खाली लाल शाईत शेराही लिहून झाला होता, ‘गुणाकार पुन्हा कर.’ वीस वर्षं चौथीला गणित शिकवतेय, पण त्या दिवशी समोरचा गुणाकार मी स्वतः केलाच नाही. चूक कुठे आहे ते पालकांनी आधीच लिहून ठेवलं होतं, मग कशाला डोकं चालवा!

घरचा अभ्यास साधा होता. घरातली एखादी उंच वस्तू कंपासपेटीतल्या १५ सेंटिमीटरच्या पट्टीने मोजायची. पट्टी किती वेळा ठेवली ते लिहायचं, गुणाकार करून उंची काढायची. मग मोठ्यांनी तीच वस्तू टेपने मोजून उत्तर ताडून बघायचं. एकाने दाराची उंची ‘टेपने ८० सेंमी’ अशी आणली होती. टेपची इंचाची बाजू वाचलेली, दुसरं काय. ८० ला २.५४ ने गुणलं की २०३ च्या आसपास येतं, म्हणजे दार ठीकठाक होतं. असल्या चुकांची मला सवय आहे.

या मुलीने कपाट मोजलं होतं. ‘पट्टी ११ वेळा, वर २ सेंमी. १५ × ११ = १६५. १६५ + २ = १६७ सेंमी.’ त्याखाली आईच्या अक्षरात, ‘टेपने १७३ येते. हिचे पाढे कच्चे आहेत. १५ चा पाढा दहा वेळा लिहून घेतला आहे.’ आणि खरंच, पुढची पानं भरून पंधरा एके पंधरा, पंधरा दुणे तीस. शेवटच्या दोन पाढ्यांत अक्षर पार झोपी गेलं होतं.

वह्या वाटल्या. मधल्या सुट्टीत ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. ही मुलगी एरवी आपणहून तोंड उघडत नाही.

“बाई, गुणाकार बरोबर आहे.”

“बघू.” मी तोंडीच केला. पंधरा दाहे दीडशे, वर एक पंधरा, एकशे पासष्ट. दोन मिळवले, एकशे सदुसष्ट. बरोबर होता की! मी जरा ओशाळले. “मग मोजताना गडबड झाली असेल.”

“तीनदा मोजलं. तीनदा हेच आलं.”

मी हातातला डबा बाजूला ठेवला. धांदरट मूल तीनदा मोजतं तेव्हा तीन उत्तरं येतात, कधी कमी, कधी जास्त. तीनही वेळा तेच चुकीचं उत्तर येत असेल तर हात नेटका चाललाय आणि चूक दुसरीकडेच कुठेतरी बसलीय. “चल, वर्गातलं कपाट मोजून दाखव,” म्हटलं.

तिने पट्टी काढली. कपाटाच्या कडेने उभी धरली, खालचं टोक जमिनीला टेकवलं, अंगठ्याने दाबलं. पेन्सिलीने १५ च्या रेघेपाशी बारीक खूण केली. पट्टी वर सरकवली, तिचं टोक खुणेला लावलं, पुन्हा १५ पाशी खूण. कुठे घाई नाही, पट्टी तिरकी नाही. मोजणी इतकी सुरेख की चौथ्या खुणेपर्यंत मलाही काही दिसलं नाही. पाचव्या वेळी मी वाकून पट्टीच्या टोकाकडेच बघत बसले, आणि दिसलं. पट्टीचं टोक खुणेवर होतं. शून्य खुणेच्या वर होतं.

शाळेच्या पट्ट्यांवर शून्याची रेघ बहुधा अगदी कडेला नसते. कड झिजते, तिचे टवके उडतात, म्हणून थोडी जागा कोरी सोडून मग शून्य. पुष्कळशा पोलादी पट्ट्यांवर माप थेट कडेपासून सुरू होतं, पण ही प्लास्टिकची होती. दुसरी पट्टी घेऊन आम्ही ती कोरी जागा मोजली. बरोबर अर्धा सेंटिमीटर.

“आता सांग, पट्टी दर वेळी खरी किती चढली?”

तिने बोटाने चाचपून पाहिलं. “साडेपंधरा.”

“आणि तू धरलेस किती?”

“पंधरा.” मग बराच वेळ गप्प. “घरी अकरा वेळा ठेवली होती… नाही, वरचा तुकडा धरून बारा.” ओठ हलत होते. बारा अर्धे सहा. तिने वही उघडून १६७ च्या खाली ६ लिहिले, बेरीज केली, आणि आईच्या १७३ कडे पाहिलं.

मला वाटलं, आता ही उडी मारेल. छे. ती एवढंच म्हणाली, “म्हणजे माझा पाढा कच्चा नाहीये.”

खरं सांगते, हा धडा मी इतकी वर्षं दोन तुकड्यांत शिकवत आले. मापनाचा तास वेगळा, गुणाकाराचा वेगळा. पट्टी एकदाच ठेवून पेन्सिल मोजली तर अर्धा सेंटिमीटर चुकतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण लांब वस्तूवर तीच पट्टी बारा वेळा ठेवली की माप बारा पट होतं आणि चूकही बारा पट. पाढे पाठ नकोत असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पाढा जिभेवर नसता तर ‘बारा अर्धे’ला तिने बोटं मोजली असती आणि मधेच धागा सुटला असता. पूर्वी निमकी म्हणून अर्ध्याचा वेगळा पाढा पाठ करून घेत, तो उगाच नव्हे. पण माप चुकलं की मुलाला पाढा लिहायला बसवणं हा उपाय नाही, आणि मी तर त्यावर लाल शाईचा शिक्का मारला होता.

मग मी बाकीच्या वह्या पुन्हा मागवल्या. बऱ्याच वह्यांत पट्टीचं उत्तर टेपच्या उत्तराशी अगदी मिलिमीटरपर्यंत जुळत होतं. सकाळी मी त्यांना ‘छान’ दिलं होतं. आता उजेडात धरून पाहिलं तर आकड्यांखाली खोडरबरचे डाग. टेपचा आकडा आधी, पट्टीचा मागाहून! न जुळणारं उत्तर जसंच्या तसं ठेवणारी ही एकटीच निघाली, आणि फुली तिलाच.

मुलांना रागावले नाही. मीटरची गोष्ट सांगितली. १७९२ मध्ये देलांब्र आणि मेशँ हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ डंकर्क ते बार्सिलोना अंतर मोजायला निघाले, त्यावरून मीटर ठरायचा होता. बार्सिलोनाला मेशँच्या निरीक्षणांत किंचितसा मेळ बसेना. त्याने ते कुणाला सांगितलं नाही, मनातल्या मनात कुढत राहिला. १८०४ मध्ये तो वारला, त्याचे कागद देलांब्रच्या हाती आले, तेव्हा सगळं उघडकीस आलं. “त्यानेपण खोडरबर वापरला?” एकाने विचारलं, आणि वर्ग हसला. खोडणाऱ्यांतले काही जरा कमी हसले.

संध्याकाळी आईचा फोन. “मॅडम, शून्य खुणेवर ठेवून पुन्हा मोजायला लावलं. आता १७२.५ येतंय. अजून अर्धा कमीच. आमची टेपच खोटी आहे का? तिच्या टोकाचा हूक हलतो.”

टेपबद्दल मला ठाऊक होतं. तो हूक मुद्दामच ढिला ठेवलेला असतो, त्याच्या पत्र्याच्या जाडीएवढाच सरकतो. कडेला अडकवून ओढलं की तेवढा बाहेर येतो, भिंतीला टेकवून दाबलं की तेवढा आत जातो, म्हणून दोन्हीकडून माप बरोबर येतं. हे सांगून टाकलं. पण मग उरलेला अर्धा कुठे गेला? मी फोन कानाला लावून नुसतीच उभी. पद्धत बरोबर, पट्टी बरोबर, टेप बरोबर.

पलीकडे पट्टी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, “आई, खाली जमिनीला शून्य टेकतच नाही ना!”

पहिल्या वेळी जमीन आड येते. कोरी कड खाली शिल्लकच राहते, कितीही काळजी घेतली तरी. बाकी अकरा वेळा शून्य खुणेवर नेता येतं, पहिल्या वेळी नाही. हे मला सुचलं नव्हतं. वर्गात तिच्या शेजारी गुडघे टेकून बसले होते तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आपापल्या पट्टीची कोरी कड मोजायला लावली. कुणाची दोन मिलिमीटर, कुणाची पाच, एकीची शून्यच. मागच्या बाकावरच्या एका मुलाची पट्टी तुटकी, ३ पासून सुरू होणारी. त्याची उत्तरं एरवी बरोबर असतात याचं मला नेहमी नवल वाटायचं. तो प्रत्येक मापातून ३ वजा करतो. नवी पट्टी असती तर त्यानेही कदाचित कडेपासूनच मोजलं असतं.

घरी आता फरश्या दिल्या आहेत. एक फरशी मोजा, रांगेतल्या फरश्यांनी गुणा, मग टेप लावा. ३० सेंमीच्या नऊ फरश्या म्हणजे २७०, पण मधे दोन-दोन मिलिमीटरच्या फटी असतील तर टेप २७१.६ दाखवेल. फरश्या नऊ, फटी आठ. यावर घरोघरी वाद होतील अशी माझी खात्री आहे. या वेळी पालकांना चिठ्ठी पाठवली, उत्तर जुळलं नाही तर खोडू देऊ नका, दोन्ही आकडे राहू द्या.

तिच्या वहीतली फुली मी गिरवून बरोबरची खूण केली. आईच्या शेऱ्यावर आईनेच आडवी रेघ मारली होती. ती वही घेऊन गेली आणि दोन मिनिटांत परत आली.

“बाई, मग ते दहा पाढे?”

“त्यांचं काय?”

“ते फुकटच लिहिले ना मी.”