वॉर्डातच भरणारा वर्ग

रुग्णालयातल्या सिस्टरच्या इन-सर्व्हिस ट्रेनिंगची, म्हणजे नोकरीत असतानाच्या प्रशिक्षणाची, जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा सगळं ठरून गेलेलं होतं: सभागृह, प्रोजेक्टर, दुपारचे दोन तास. रात्रपाळी करून थांबलेल्या सिस्टरचे डोळे मिटायचे आणि वॉर्डातून उठून आलेलीचं लक्ष पेशंटकडे लागलेलं असायचं. हजेरीपटावर सह्या मात्र पूर्ण. शिकायची इच्छा सगळ्यांना होती, उसंत कुणालाच नव्हती. म्हणून वर्गच वॉर्डात न्यायचं ठरवलं.

हँडओव्हरनंतरची, म्हणजे एक पाळी दुसरीकडे पेशंट सोपवते त्यानंतरची, दहा मिनिटं सोयीची निघाली, कारण दोन्ही पाळ्यांचा स्टाफ तेव्हा हजर असतो. पहिला विषय घेतला श्वास मोजण्याचा. ताप, नाडी आणि श्वास नोंदवायच्या टीपीआर चार्टवर श्वासाच्या रकान्यात ओळीने 20, 20, 20 लिहिलेलं मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. हाताखाली इतके पेशंट असले की असंच होतं. मी रिकाम्या बेडवर आडवी झाले, कानात ठराविक ठेका देणारा मेट्रोनोम लावला आणि मिनिटाला 26 श्वास घेत राहिले. आधी नुसता अंदाज विचारला. बहुतेकींनी वीस-बावीस सांगितले. मग घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजायला लावलं आणि खरा आकडा निघाला. लगेच न्यूज-2 समोर ठेवलं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची 2017 मधली, पेशंटची तब्येत बिघडते आहे का ते ओळखायची ही गुणपद्धत मिनिटाला 12 ते 20 श्वासांना शून्य गुण देते आणि 25 किंवा त्याहून जास्त असतील तर एकदम तीन. एकाच निकषात तीन गुण मिळाले तरी पेशंट तातडीने तपासायला हवा. हे पाठ करून घ्यावं लागलं नाही.

सीपीआरसाठी, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबायच्या सरावासाठी, मॅनिकिन (सरावाचा पुतळा) ट्रॉलीवर घालून वॉर्डावॉर्डात नेलं. दोघी दाब द्यायच्या, बाकीच्या त्यांचे पेशंट सांभाळायच्या. दाबाची खोली 5 ते 6 सेंमी, वेग मिनिटाला 100 ते 120. हाताची ही सवय काही महिन्यांतच सुटते, त्यामुळे वर्षातून एकदा लांबलचक वर्ग घेण्यापेक्षा थोडं थोडं पण वारंवार करणं बरं. रात्रपाळीला मी स्वतः जायचे, पहाटेच्या सॅम्पलची घाई सुरू होण्याआधी.

औषधांच्या कपाटावर रोज एक प्रश्न चिकटवायचा आणि उत्तर पुढच्या पाळीला, असंही सुरू केलं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवून दिलं होतं की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेलं आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मिनिटांच्या ध्वनिफिती पाठवल्या, पण ड्युटीच्या वेळेतच. सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर धडे धाडणं म्हणजे बिनपगारी काम करून घेणं आहे, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

खरी लढाई तासांची झाली. परवान्याच्या नूतनीकरणाला शिक्षणाचे तास दाखवावे लागतात आणि ऑफिस म्हणे, दहा मिनिटांचा कसला वर्ग! मग प्रत्येक सिस्टरचं कार्ड केलं: विषय, मिनिटं, स्वतःच्या हाताने काय करून दाखवलं, तपासणाऱ्याची सही. अशी सहा सत्रं म्हणजे एक तास. मेट्रननी (सगळ्या सिस्टरच्या प्रमुखांनी) पाठिंबा दिला, फाइल बरेचदा परत आली, शेवटी मंजूर झाली.

आता विषय वॉर्डातूनच येतात. परवा आयसीयूच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, पुढच्या वेळी सिरिंज पंप घ्या. नवीन मुलींना अलार्म वाजला की काय करायचं ते कळत नाही." ठरावीक वेगाने औषध सोडणारा तो पंप मागवून ठेवला आहे.