डिचोली शाखा तळाला गेली तेव्हा

गोव्यातल्या आमच्या पतसंस्थेच्या १४ शाखांची कार्यक्षमता मोजण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी १९७८ साली मांडलेली डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस ही पद्धत धरली. कर्मचारी व खर्च एका बाजूला, ठेवी व कर्जवसुली दुसऱ्या बाजूला, आणि उत्तम चालणाऱ्या शाखांशी इतरांची तुलना. एक्सेलच्या सॉल्व्हरने गणित सोडवले आणि डिचोली शाखा तळाला गेली.

दुसऱ्याच दिवशी तिथले व्यवस्थापक कर्जखतावणी घेऊन आले. "खाणी मी बंद केल्या का हो?" एवढेच विचारून त्यांनी खाणीतला माल वाहणाऱ्या टिपर ट्रकांच्या कर्जांची पाने उघडली. सप्टेंबर २०१२ पर्यंत हप्ते ओळीने भरलेले, पुढे रकाने कोरे. २०१५ नंतर थोडी हालचाल आणि मार्च २०१८ पासून पुन्हा कोरे. गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, काही काळ चालल्या आणि पुन्हा बंद पडल्या, तसेच हप्ते.

मग मी राजीव बँकर व मोरी यांच्या १९८६ च्या मांडणीकडे वळलो. तीत हाताबाहेरचा घटक स्थिर धरतात आणि काटकसरीला वाव किती, हे फक्त व्यवस्थापकाच्या हातातल्या बाबींत शोधतात. असा घटक म्हणून मी शाखेच्या २०१२ मधील एकूण कर्जात बिगर-खाण, म्हणजे खाणींवर अवलंबून नसलेल्या, कर्जाचा वाटा घेतला. (पहिल्यांदा चुकून खाणकर्जाचाच वाटा घातला, त्यामुळे प्रतिकूल परिस्थितीच अनुकूल ठरली, त्यात दोन दिवस गेले.) डिचोलीचे गुण वाढले खरे, पण तिच्यासाठी इतर शाखांच्या मिश्रणातून रचलेल्या काल्पनिक आदर्श शाखेत खाणींवर फारशी अवलंबून नसलेल्या मडगावचाही अंश होता, कारण या मांडणीत मिश्रणातल्या शाखांच्या त्या वाट्याची सरासरी जुळली की पुरते. रुजिएरो यांनी १९९६ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला होता. त्यांच्या मते अधिक अनुकूल परिस्थितीतील शाखा तुलनेतून वगळायलाच हव्यात. तसे केल्यावर डिचोलीच्या जोडीला सांगे आणि कुडचडे एवढ्याच उरल्या आणि तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. तुलनेला जवळजवळ कोणी न उरल्याने मिळालेल्या या गुणांना मी कार्यक्षमता म्हणणार नाही. म्हणून अहवालात आकड्याऐवजी 'तुलनेस शाखा अपुऱ्या' असे लिहिले.

एक गोष्ट मात्र खटकत राहिली. ट्रकांना ती कर्जे भराभर मंजूर केली होती मुख्य कार्यालयाने. म्हणजे हा घटक आजच्या व्यवस्थापकाच्या हाताबाहेरचा असला, तरी संस्थेच्या हाताबाहेरचा नव्हता. तसे एक वाक्य मी अहवालाच्या शेवटी घातले. बैठकीत त्यावर चर्चा झाली नाही.