कुत्र्याला खोली द्या, नाहीतर स्पष्ट नकार द्या

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात काजवे पाहण्यासाठी आम्ही भंडारदऱ्याला गेलो, तेव्हा निघण्यापूर्वी तेथील एका निवासाच्या मालकांना मी दोनदा फोन केला होता. आमच्याबरोबर आमची कुत्री ठमी असेल, ती देशी आहे, नऊ वर्षांची आणि अठरा किलो वजनाची आहे व रात्री आमच्याच खोलीत झोपते, हे सगळे मी त्यांना सांगितले होते. दोन्ही वेळा "आणा की, काही अडचण नाही" असे उत्तर मिळाले होते. आळेफाटा, संगमनेर, अकोले असा प्रवास करून संध्याकाळी सातच्या सुमारास आम्ही पोहोचलो, सामान उतरवले आणि ठमीला घेऊन पायरी चढू लागलो, तेव्हा मालकांनी मागच्या पत्र्याच्या शेडकडे हात केला. "तिला तिथं बांधा, ताई. आत फक्त माणसं."

मी वाद घातला नाही. जागा त्यांची होती आणि तिचे नियम ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच होता. मात्र ठमीला शेडमध्ये बांधण्याचा विचारही आम्ही केला नाही, कारण भंडारदरा ज्या अकोले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झालेला आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली गेली आणि त्यांच्या खाद्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के, असल्याचे दिसून आले. तेथील माणसांना यात नवल वाटणार नाही. ओट्यावरचा कुत्रा रात्रीतून नाहीसा झाल्याच्या हकिकती जुन्नर-अकोले भागात घरोघरी ऐकायला मिळतात. गावातला मोकळा कुत्रा निदान पळू शकतो. अनोळखी जागी साखळीने बांधलेल्या कुत्र्याला तेवढीही संधी नसते. ती रात्र आम्ही गाडीत काढली. काचा चार बोटे खाली ठेवल्या होत्या, मी मागच्या आसनावर ठमीजवळ होते, माझे यजमान पुढे बसले होते, आणि पहाट होताच आम्ही परत फिरलो. काजवे त्या वर्षी पाहायचे राहून गेले.

त्या रात्रीनंतर माझे एक मत पक्के झाले. कुत्र्यांना हॉटेलात राहू द्यावे, असे मला मनापासून वाटते; परंतु परवानगीचा अर्थ कुत्रा आपल्या माणसांबरोबर त्याच खोलीत राहील, असाच असला पाहिजे. हे ज्या मालकाला शक्य नसेल त्याने फोनवरच स्पष्ट नकार द्यावा. नकार मिळाला तर आम्ही दुसरी जागा शोधू किंवा ठमीला शेजारी ठेवून जाऊ. "चालेल" म्हणून बोलावून अंगणात बांधायला लावणारी अर्धी परवानगी नकाराहून कितीतरी अधिक धोक्याची असते, कारण ती हाती पडते तेव्हा माणूस घरापासून दोनशे किलोमीटर दूर असतो आणि अंधार पडलेला असतो.

कायद्याचा आधार येथे फारसा नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना निवासी सोसायट्यांसाठी आहेत. सोसायटीने पाळीव प्राण्यांवर बंदी घालू नये, असे त्या सांगतात. हॉटेलमालकावर त्या बंधनकारक नाहीत आणि तसे बंधन असावे, असे मलाही वाटत नाही. रेल्वेने मात्र या बाबतीत फार जुना आणि समंजस नियम ठेवला आहे. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातील दोन किंवा चार जणांची बंद खोली पूर्ण आपल्या नावावर आरक्षित असेल, तर कुत्रा आपल्यासोबत प्रवास करतो. नसेल, तर त्याला गार्डाच्या डब्यातील पेटीत जावे लागते. जागा संपूर्ण आपली असेल तर कुत्राही आपल्याजवळ, हे यामागचे तत्त्व हॉटेलच्या खोलीला तंतोतंत लागू पडते.

आता दुसऱ्या बाजूविषयी, आणि ती बाजू मी माझ्या मावशीकडून शिकले. मावशी आठ वर्षांची असताना तिच्या पायाला कुत्रा चावला होता आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे तिला पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्याकडे २००५ च्या सुमारास कायमची बंद झाली. आज रेबीजची लस दंडात, मोजक्या मात्रांमध्ये दिली जाते आणि तिचा त्रासही नगण्य असतो. परंतु आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी माणसांच्या मनातली कुत्र्याची भीती ही त्या चौदा सुयांची भीती आहे, आणि लस बदलल्याने ती गेलेली नाही. मावशी आमच्या घरी येते तेव्हा ठमी आतल्या खोलीत असते. मग हॉटेलच्या अरुंद बोळात, जिन्याच्या वळणावर किंवा लिफ्टचे दार उघडताच अनोळखी कुत्रा समोर आला, तर माझ्या मावशीसारख्या पाहुण्याने काय करावे? "आमची काही करत नाही हो" हे वाक्य आम्ही श्वानपालक फार सहजपणे उच्चारतो. घाबरलेल्या माणसाला त्याने कसलाही धीर येत नाही, म्हणून मी ते म्हणणे सोडून दिले आहे. त्याऐवजी मी पट्टा आखडून घेते, बाजूला होते आणि समोरच्याला आधी जाऊ देते.

मालकांच्या तक्रारींपैकी केस आणि वास या झाडलोटीने निभावणाऱ्या गोष्टी आहेत. गोचीड मात्र त्याहून फार गंभीर प्रकरण आहे, आणि आश्चर्य म्हणजे त्याविषयी मला आजवर एकाच मालकीणबाईंनी विचारले. आपल्याकडे कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड घराच्या आतही वाढू शकते. मादी रक्त पिऊन झाली की अंगावरून उतरते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे किंवा पलंगाच्या खाचेत काही हजार अंडी घालते. तिची पिले आणि प्रौढ गोचिडी खाद्यावाचून महिनोन्‌महिने तग धरतात. जांभ्या दगडाच्या उघड्या भिंतींच्या खोलीत एकदा हा उपद्रव शिरला, तर पुढचा अख्खा हंगाम त्याला हुसकावण्यात जातो, आणि नंतर येणाऱ्या कुत्र्यांना गोचिडतापाचा धोका राहतो तो वेगळाच. यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे: महिन्यातून एकदा किंवा काही औषधांच्या बाबतीत तीन महिन्यांतून एकदा देण्याची चघळायची गोळी. ती कोणत्या तारखेला दिली, हे दाखवण्याची जबाबदारी पूर्णपणे आमची आहे. त्याचप्रमाणे दरवर्षीची रेबीजची लस आणि डिस्टेंपर, पार्व्हो व लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या रोगांवरील एकत्रित लस यांच्या नोंदींचे पुस्तक मालकाने मागितले, तर कोणीही त्यात अपमान मानू नये. लेप्टो मूत्रातून पसरतो आणि कोकणातल्या पावसाळ्यात तो माणसांनाही होतो. तिथल्या माणसाने हे पुस्तक आवर्जून मागावे, असेच मी म्हणेन.

अ‍ॅलर्जीचा मुद्दाही खरा आहे. कुत्र्याच्या लाळेतील आणि कातडीच्या कोंड्यातील प्रथिने गालिचे, जाड पडदे आणि कापडी सोफे यांत दीर्घकाळ टिकून राहतात, त्यामुळे आज कुत्रा आणि उद्या दम्याचा रुग्ण त्याच खोलीत, हे कधीही होता कामा नये. म्हणून सगळ्या खोल्या कुत्र्यांसाठी खुल्या करा, असे माझे म्हणणे नाही. दहा खोल्यांच्या हॉटेलात एक किंवा दोन खोल्या त्यासाठी राखून ठेवाव्यात आणि इतर पाहुण्यांना त्या कोणत्या हे विचारता यावे.

अशी खोली कशी असावी, हे मी कोकणातल्या आंजर्ल्याला पाहिले. तेथील एका घरगुती निवासात आम्ही तीनदा राहिलो आहोत. घराच्या मागच्या अंगाला, पोफळीच्या बागेकडे उघडणारी एक खोली आहे. तिचे दार थेट बाहेर असल्यामुळे इतर पाहुण्यांच्या पडवीतून जावेच लागत नाही. खाली शहाबादी फरशी, लाकडी खाट, धुता येतील असे सुती पडदे, भिंती गिलावा करून चुन्याने रंगवलेल्या, आणि दाराबाहेर पाय धुण्यासाठी नळ व एक दगड. गोचिडांविषयी विचारणाऱ्या मालकीणबाई त्या याच घरच्या; आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. पहिल्या वेळी त्यांनी पुस्तक पाहिले, ठमीच्या कानांच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यात स्वतः हात घालून पाहिले आणि मगच किल्ली दिली. धुलाईचे तीनशे रुपये वेगळे घेतले, जे मला अगदी रास्त वाटले. त्यांच्या दोनच अटी होत्या. कुत्रीला खोलीत एकटे सोडून फिरायला जायचे नाही, आणि समुद्रावर पट्टा काढायचा नाही.

या दोन्ही अटींमागे अनुभव आहे. हॉटेलात भुंकण्याची जी तक्रार येते ती बहुतेक वेळा एकट्या राहिलेल्या कुत्र्याची असते. अनोळखी वास, अनोळखी आवाज आणि आपली माणसे दाराआड गेलेली, अशा अवस्थेत शहाणे कुत्रेही दार ओरबाडते. दुसरी अट तर मला त्यांच्याकडूनच नीट समजली. आंजर्ले आणि वेळास यांच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिले बाहेर पडायला दीड-दोन महिने लागतात. कोल्ह्यांइतकीच कुत्रीही ती अंडी उकरतात, म्हणून गावातले कार्यकर्ते पहाटे किनारा पालथा घालून अंडी कुंपणाच्या आत हलवतात. शहरातून आलेल्या माणसाने हौसेने मोकळा सोडलेला कुत्रा एका धावेत त्यांच्या पहाटेच्या श्रमावर पाणी फिरवू शकतो. नोव्हेंबर ते एप्रिल आम्ही ठमीला वाळूवर नेतो ते आखूड पट्ट्यानेच.

काही ठिकाणी मी स्वतःच नकाराच्या बाजूची आहे. व्याघ्र प्रकल्पांच्या लगतच्या निवासांनी कुत्र्यांना घेऊ नये. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले आणि त्यांपैकी काहींच्या तपासणीत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा रोग कुत्र्यांमध्ये सर्रास आढळतो. लस घेतलेल्या कुत्र्यापासून धोका कमी असला, तरी ताडोबाच्या वेशीवर तेवढी जोखीम घेण्याइतके कोणतेही पर्यटन महत्त्वाचे नाही. तेथे जायचे तेव्हा ठमी माझ्या भावाकडे राहते. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांबाबतही माझा आग्रह नाही. आम्ही पाळीपाळीने जेवतो किंवा ताट बाहेर मागवतो. तेवढे करण्याची सवलत मात्र मालकाने द्यावी, कारण तिसरा पर्याय कुत्र्याला बंद गाडीत ठेवण्याचा असतो आणि तो जीवघेणा आहे. बाहेर तीस अंश तापमान असताना उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात पंचेचाळीस अंशांहून अधिक उष्णता होते, आणि धापा टाकण्याखेरीज अंग निववण्याचा दुसरा मार्ग कुत्र्याकडे जवळजवळ नसतोच.

एक गोष्ट मला मनापासून लागते, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. अलीकडे अनेक हॉटेलांच्या जाहिरातींत पाळीव प्राण्यांचे स्वागत असते, पण फोनवर पहिला प्रश्न येतो, "कोणत्या जातीचा आहे?" देशी म्हटले की आवाज बदलतो. शिह त्झू चालतो, लॅब्राडोर चालतो, गावठी मात्र "आम्ही घेत नाही." एका ठिकाणी तर मला सांगितले गेले की इतर पाहुण्यांना तो रस्त्यावरचा वाटेल. कुत्रा हॉटेलात राहण्यास योग्य आहे की नाही, हे त्याची लस, त्याची स्वच्छता, त्याचे वळण आणि त्याच्या माणसांचे भान यांवरून ठरते. वजनाची मर्यादा असेल तर मी ती समजू शकते, कारण लहान खोलीत मोठा कुत्रा मावत नाही. पण याच मातीतल्या, इथल्या हवामानाला सर्वांत सरावलेल्या कुत्र्याला केवळ त्याच्या कुळावरून दाराबाहेर ठेवणे मला सहन होत नाही, आणि अशा ठिकाणी ठमीशिवायही आम्ही राहत नाही.

फोन करताना मी आता "कुत्रा चालतो का" एवढेच विचारत नाही. ती रात्री कुठे झोपेल, खोलीचे दार कोणत्या बाजूला उघडते, तुमच्या आवारात आणखी कुत्री आहेत का, हे विचारते आणि मिळालेली उत्तरे संदेशाने लिहून पाठवायला सांगते. बरेच जण येथेच नाही म्हणतात, आणि त्यांचे मी खरोखर आभार मानते.

दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने ठमी न्हाणीघराच्या कोपऱ्यात थरथरत बसते, म्हणून दरवर्षी त्या चार दिवसांत आम्ही पुणे सोडतो. यंदा मावशीनेही कोकणात यायची इच्छा दाखवली, तेव्हा मी वहिनींना फोन करून सारे सविस्तर सांगितले. त्यांनी मावशीसाठी रस्त्याकडची, पुढच्या पडवीलगतची खोली ठेवली आहे आणि आमच्यासाठी नेहमीची मागची. चहाला मावशी पडवीत बसेल तेव्हा ठमी बागेत असेल, असेही त्यांनी स्वतःहून ठरवले आहे.