"आई न्हाता हा"

गाव सांगत नाही, जेजे अ‍ॅक्टचं, म्हणजे बाल न्याय कायद्याचं, ७४ कलम आहे, मुलांची ओळख उघड करता येत नाही. गोव्यातल्या बार्देशातली भाड्याच्या खोल्यांची चाळ, एवढं पुरे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर शेजारणीचा फोन आलेला की दोन पोरं सकाळपासून खोलीत कोंडून ठेवलीत. मी आणि एक कॉन्स्टेबल गेलो, दार ठोठावलं तर आतून मुलीचा आवाज, "आई न्हाता हा, मागीर येवा." एकदम पाठ केलेलं. थोड्या वेळाने परत ठोठावलं, परत तेच. आणि दाराला बाहेरून हे एवढं कुलूप!

कॉन्स्टेबल म्हणाला, मॅडम पोरांना सरळ बालगृहात घालूया, गोव्याचा स्वतःचा चिल्ड्रन्स अ‍ॅक्ट आहे २००३चा, केस होते. त्याचं चूक नव्हतं म्हणा, पण २०१५चा जेजे अ‍ॅक्ट सांगतो की संस्था हा शेवटचा उपाय, आणि मी तोवर खिडकीतून आत बघत होते. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवलेला, शेगडी वर माळ्यावर, डब्यात पेज झाकून, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या, कोपऱ्यात बादली. पोरांची पर्वा नसलेली बाई एवढं करून जात नाही. अर्थात नुसतं हे बघून कुणाला क्लीन चिट देता येत नाही, धाकट्याच्या कोपराला काळंनिळं होतं तेही नंतर डॉक्टरना दाखवलंच.

घरमालकाने फोन केल्यावर आई कळंगुटहून धावत आली, तिथे हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. मूळची दोडामार्गची, नवरा सोडून गेलेला. कुलूप उघडायच्या आधीच म्हणाली, "बाय, पोरांक नेव नकात, वायच समजून घेवा." का कोंडतेस विचारलं तर गप्प. कॉन्स्टेबलला चहा प्यायला पाठवला तेव्हा हळूच बोलली, "कुलूप नाय घातलंय तर तो येता." तो म्हणजे पलीकडच्या खोलीतला, आधी पोरं त्याच्याच घरी ठेवायची ती. खाऊ द्यायचा आणि मुलीला जवळ ओढून बसवायचा.

झालं, फाईलच बदलली. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, १९ कलमाने हे कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक, "बदनामी होतली गो" म्हणून आई रडली तरी. मुलीला मी काही खोदून विचारलं नाही, एकच गोष्ट चार जणांना सांगायला लावायची हा आपल्याकडचा सगळ्यात वाईट प्रकार. महिला पीएसआय साध्या कपड्यात घरी आल्या, आईला शेजारी बसवून जबाब घेतला. संध्याकाळपर्यंत तो माणूस ताब्यात.

दुसऱ्या दिवशी बाल कल्याण समितीपुढे तिघांनाही नेलं. समितीने पोरं आईकडेच ठेवली, देखरेख आमची. दुपारी अंगणवाडी बंद झाल्यावर काय हा प्रश्न होताच, तर फोन करणारी शेजारीणच म्हणाली मी बघते. बाई सगळ्या चाळीच्या चौकशा करते, डोकं उठवते, पण तिने फोन केला नसता तर आम्हाला कोण सांगणार होतं? मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून स्पॉन्सरशिपचे दर मुलामागे महिन्याला ४००० रुपये मिळू शकतात, त्याचा फॉर्म भरलाय. फक्त रेशनकार्ड महाराष्ट्राचं असल्यामुळे उत्पन्नाचा दाखला अडकलाय, सोमवारी तिला घेऊन परत मामलेदार कचेरीत जायचंय, हाफ डे मिळाला तर.