फुल जॉइन आणि 1064ची कटकट

पतसंस्थेचा डेटा एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवरून मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर आणायचा होता, आणि त्यासाठी जुन्या क्वेरी, म्हणजे डेटा मागवणाऱ्या आज्ञा, बदलायच्या होत्या. चौकोनी कंस काढले, टॉपच्या जागी लिमिट टाकलं, तारखांची फंक्शन्स बदलली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते महिनाअखेरच्या ताळमेळापाशी.

एकीकडे पावत्यांचं टेबल, दुसरीकडे बँकेचं स्टेटमेंट. जुळलेल्या नोंदी हव्यात आणि फक्त एकाच बाजूला असलेल्याही हव्यात, म्हणजे फुल आउटर जॉइन. जुन्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली क्वेरी इथे रन केली की एरर 1064: सिंटॅक्स चुकलंय, मॅन्युअल बघा, 'आउटर जॉइन बँक'च्या आसपास. आसपास काय बघायचं? ऑनची अट बरोबर, कंस बरोबर, स्वल्पविराम जागच्या जागी.

आउटर हा शब्द ऐच्छिकच, म्हणून तो काढला. आता 1064 गेला आणि 1054 आला: पावत्या.क्रमांक नावाचा कॉलम नाही म्हणे! डिस्क्राइब करून टेबलाची रचना पाहिली तर कॉलम समोर ढळढळीत दिसतोय. इथे माझं डोकं फिरलं.

भानगड अशी की मायएसक्यूएलमध्ये फुल जॉइन नाहीच. शिवाय फुल हा तिथे राखीव शब्दही नाही, म्हणजे नाव म्हणून तो चालतो. त्यामुळे 'फ्रॉम पावत्या फुल' एवढं वाचून तो पावत्यांचं एलियास, म्हणजे टोपणनाव, 'फुल' असं धरतो. परस्पर बारसं! पुढे नुसतं जॉइन असेल तर तो साधा इनर जॉइन (फक्त जुळलेल्या नोंदी देणारा) होतो, आणि पावत्या हे नाव त्या क्वेरीपुरतं बाद. आउटर असेल तर तिथे ठेच लागते. 'फुल जॉइन इथे चालत नाही' एवढं सरळ सांगायला काय जात होतं?

म्हणून प्रत्येक टेबलाला एलियास द्याच. 'पावत्या पा फुल आउटर जॉइन' असं असतं तर एररने थेट फुलवरच बोट ठेवलं असतं. आणि 1064मध्ये जो तुकडा दाखवतात, तिथे पार्सर, म्हणजे क्वेरी वाचणारा भाग, थांबलेला असतो; गोम बहुतेकदा त्याच्या आधीच्या शब्दात असते. तुकडा रिकामा आला तर शेवटी काहीतरी उघडं राहिलंय, बहुधा कंस.

फुल जॉइनला उपाय म्हणजे लेफ्ट जॉइन (पावत्यांच्या सगळ्या ओळी), मग दोन्ही निकाल जोडणारं युनियन ऑल, मग राइट जॉइन (बँकेच्या सगळ्या ओळी). या दुसऱ्या भागात पावत्यांची की (ओळख पटवणारा कॉलम) नल, म्हणजे रिकामी, असलेल्याच ओळी घ्यायच्या. जिथेतिथे नुसतं युनियन सुचवतात, ते हिशेबात घेऊ नका. एकाच दिवशी पाचशेच्या दोन हुबेहूब नोंदी असल्या आणि निवडलेल्या कॉलमांत त्यांना वेगळं करणारं काही नसलं, तर युनियन त्यातली एक गिळतो आणि ताळमेळ पाचशेने हुकतो.

अरे हो, रँक नावाचा कॉलम असेल तर बॅकटिकमध्ये (` या चिन्हांत) घाला. मायएसक्यूएलच्या 5.7 आवृत्तीवर तो चालायचा, 8.0मध्ये राखीव शब्द झाला. आणि वर्डमध्ये जपून ठेवलेली क्वेरी थेट चिकटवू नका. तिथली वळणदार अवतरणचिन्हं मायएसक्यूएलला अवतरणचिन्हं वाटतच नाहीत, आणि 'पुणे' नावाचा कॉलम सापडत नाही म्हणून तोच 1054 पुन्हा येतो.