“पेशी वाढल्यात म्हणजे बरंच की, ताई?”

तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सतरा वर्षं टेक्निशियन आहे. वाढलेल्या पांढऱ्या पेशींचे रिपोर्ट रोज हाताखालून जातात. मोठ्या माणसाच्या रक्तात दर घन मिलिमीटरला साधारण 4,000 ते 11,000 पांढऱ्या पेशी असतात. गळू झालं, न्यूमोनिया झाला की त्या पंधरा-वीस हजारांवर जातात. दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असल्या तरी वाढतात, गरोदरपणात तर थोड्या वाढतातच. त्यामुळे नुसता आकडा बघून कुणी रडवेलं होऊन आलं की मला फार वाईट वाटतं. अशा माणसाला मी आधी खुर्चीत बसवते.

त्या सोमवारी आलेले दादा मात्र अजिबात घाबरलेले नव्हते. चाळिशीचे शेतकरी. दोन महिने थकवा, रात्री घाम, डाव्या बरगडीखाली जडपणा. अर्धी भाकरी खाल्ली की पोट तट्ट होतं म्हणाले. ताप नव्हता.

रक्त घेतलं आणि लाईट गेली. जांभळ्या टोपणाची नळी तासभर स्टँडमध्ये उभी राहिली. लाईट आल्यावर हलवायला उचलली आणि हात थांबला. खाली लाल, वर पिवळसर पाणी हे नेहमीचंच. पण दोन्हींच्या मध्ये पांढऱ्या पेशींचा राखाडी-पांढरा थर होता, गव्हाच्या दाण्याएवढा जाड. एरवी तिथे सेंट्रिफ्यूज केल्यावरही, म्हणजे नळी यंत्रात गरगर फिरवल्यावरही, केसासारखी रेघ दिसते.

मशीनने आकडाच दिला नाही, मोजणीच्या मर्यादेबाहेर गेल्याची खूण दाखवली. आधी नळीवरचं नाव तपासलं, गुठळी आहे का पाहिलं. मग एक भाग रक्तात चार भाग द्राव घालून पुन्हा लावलं. 37,200 आले. गुणिले पाच, म्हणजे 1,86,000.

स्लाईड रंगवून भिंगाखाली धरली. एरवी पांढरी पेशी शोधत स्लाईड सरकवावी लागते, इथे जत्रा भरली होती. जंतुसंसर्गात बहुतेक तयार न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दिसतात, सोबत थोड्या कोवळ्या पेशी. इथे मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बँड, न्यूट्रोफिल असं लहानापासून थोरापर्यंत अख्खं कुटुंब रक्तात उतरलं होतं. या कोवळ्या पेशींची जागा हाडाच्या मगजात, रक्तात नव्हे. ब्लास्ट, म्हणजे सगळ्यात कोवळ्या पेशी, शंभरात दोनच होत्या. पण गडद निळ्या दाण्यांच्या बेसोफिल, ज्या शंभरात जेमतेम एक सापडते, त्या पाच भरल्या. तिथे माझी खात्री पटली, आणि मी पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन लावला.

मॅडमनी स्लाईड पाहिली आणि दादांच्या डॉक्टरांशी लगेच बोलल्या. संशय क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचा, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरचा. यात 9 आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात आणि त्यातून बीसीआर-एबीएल हे भलतं जनुक तयार होतं. तेच पेशींना सतत वाढायला लावतं. त्या आखूड झालेल्या गुणसूत्राला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात, ते 1960 मध्ये सापडलं. पक्कं निदान त्या जनुकाच्या तपासणीनेच होतं.

दादा बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी रिपोर्ट हातात घेतला आणि विचारलं, “पेशी वाढल्यात म्हणजे बरंच की, ताई? पोराला डेंग्यू झालता तवा कमी झाल्या म्हणून आठ दिवस दवाखान्यात होतो.”

आमच्याकडे ‘पेशी’ म्हटलं की लोकांना डेंग्यूतल्या प्लेटलेटच आठवतात. त्यात दादांची काय चूक? निदान सांगणं माझं काम नव्हे. मी म्हटलं, “दादा, त्या पेशी वेगळ्या, या वेगळ्या. या इतक्या वाढणं बरं नाही. डॉक्टरसाहेब तुमची वाट बघतायत, आजच जा. उद्यावर टाकू नका.” त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न बोलता उठले.

तपासणीचा नमुना मुंबईला गेला, जनुक सापडलं. इमॅटिनिबच्या गोळ्या सुरू झाल्या. हे औषध 2001 मध्ये बाजारात आलं. ते नेमकं त्या जनुकाच्या प्रथिनालाच अडवतं. त्याआधी या आजाराची माणसं काही वर्षांतच हातची जात. आज नेमाने गोळी घेणारे बहुतेक जण वर्षानुवर्षं कामधंदा करतात.

तीन महिन्यांनी दादांच्या पेशी 7,400 आल्या. मशीनवर भागलं असतं, तरी मी स्लाईड केली आणि शंभर पेशी मोजल्या. मायलोसाइट एकही नाही. दादांना आकडा सांगितला, तर ते गोळीबद्दलच बोलत राहिले. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून पोटभर जेवून घेतात.

“किती जेवता?” मी विचारलं.

“दोन भाकरी,” दादा म्हणाले.